पपायरस म्हणजे कागद नव्हे

कागदाचा शोध कुठे लागला असं विचारलं की कुणी चीन म्हणतं, कुणी इजिप्त. बरोबर उत्तर चीन. इजिप्तने बनवला तो पपायरस. त्याला 'जुन्या काळचा कागद' म्हणायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच विसरायला होतं. दोन्ही वनस्पतीपासून होतात, दोन्ही पातळ असतात, दोन्हींवर शाईने लिहिता येतं. साम्य इथेच संपतं. त्या वनस्पतीचं पुढे काय करतात यात खरा फरक आहे.

पपायरस ही नाईलकाठच्या दलदलीत वाढणारी वनस्पती, आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली. पण उंची चार-पाच मीटर आणि दांडा तिधारी. दांड्याची हिरवी साल सोलली की आत पांढरा, भुसभुशीत गर असतो. त्याच्या लांब, पातळ पट्ट्या काढायच्या, शेजारी शेजारी उभ्या मांडायच्या आणि त्यांच्यावर दुसरा थर आडवा घालायचा. मग ठोकायचं, दाबाखाली ठेवायचं, वाळवायचं. गरातला रस आणि दाब यांनीच दोन्ही थर एकमेकांना धरून बसतात. पट्ट्या चटईसारख्या विणतात असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे. वाळलेला ताव दगडाने किंवा शिंपल्याने घोटला की लिहायला तयार.

कागदात मात्र वनस्पतीचा मूळ आकार उरतच नाही. झाडाची साल, वाख, चिंध्या, मासेमारीची जुनी जाळी, जे हाती लागेल ते भिजवून कुटून त्याचा लगदा करायचा आणि तो हौदातल्या पाण्यात कालवायचा. जाळीची चौकट त्यात बुडवून आडवी उचलली की पाणी गळून जातं आणि एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा पातळ थर जाळीवर राहतो. तोच कागद. चीनच्या हान राजवंशाच्या दरबारातल्या त्साय लुनने इ.स. 105 मध्ये ही कृती सम्राटापुढे मांडली. पण चीनमधल्याच फांगमातान इथे सापडलेला कागदाचा तुकडा इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला आहे. तेव्हा त्साय लुनने कागद शोधला म्हणण्यापेक्षा सुधारला म्हणणं योग्य.

पपायरसचा ताव उजेडासमोर धरला की आडव्या-उभ्या रेघांची जाळी स्पष्ट दिसते. एका अंगाला आडवे तंतू, दुसऱ्या अंगाला उभे. इजिप्तमधले लेखनिक गुंडाळीच्या आतल्या, आडव्या तंतूंच्या बाजूला सहसा आधी लिहीत. कागदात तंतू हवे तसे पसरलेले असतात. वारंवार घडी घातली की पपायरस तिथेच तुटायला लागतो, म्हणून तावाला ताव चिकटवून त्याची गुंडाळी करत. ब्रिटिश म्युझियममधला हॅरिस पपायरस तर 40 मीटरहून लांब आहे.

वयात पपायरसच फार थोरला. इजिप्तमधल्या सक्कारा इथे हेमाका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात इ.स.पूर्व 2900च्या सुमाराची एक कोरी गुंडाळी मिळाली. लिहिलेल्यांपैकी सर्वांत जुने पपायरस 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे सापडले. त्यांत मेरर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. आज तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड चढवले, आज नाव गिझाला लागली, अशा तऱ्हेच्या दिवसवार नोंदी. हे दगड खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी जात होते! राजाच्या गौरवाचे शिलालेख इजिप्तमध्ये ढिगाने आहेत, पण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कामकऱ्यांची हजेरी-वाटचाल आपल्यापर्यंत पोचली ती पपायरसमुळे, आणि मला त्याचं मोल कुठल्याही शिलालेखाहून जास्त वाटतं.

ही रोजनिशी टिकली कोरड्या वाळवंटामुळे. दमट हवेत पपायरस कुजतो. इटलीत हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या उरल्या, त्या इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात जळून कोळसा झाल्या म्हणूनच.

मग कागद का जिंकला? पपायरसला नाईलची दलदल हवी, कागदाला चिंध्याही चालतात. त्यामुळे कागद कारागिरांबरोबर कुठेही जाऊ शकला. आठव्या शतकात तो समरकंद आणि बगदादला होत होता. पुढे भारतभर पसरला आणि आपल्याकडे जुन्नर व दौलताबादजवळचं कागजीपुरा ही गावं त्यासाठी नावाजली. दहाव्या शतकात खुद्द इजिप्तमध्येही कागदाने पपायरसला मागे टाकलं. त्याच्या थोडं आधी, नवव्या शतकाच्या अखेरीस, तिथल्या एका पत्रलेखकाने पत्र पपायरसवर लिहिल्याबद्दल शेवटी माफी मागितली आहे. रोममधल्या पोपच्या कचेरीने मात्र अकराव्या शतकापर्यंत पपायरस सोडला नाही.