हॉकन रायफल

अमेरिकेतील सेंट लुइस (मिसूरी) येथे जेकब हॉकन (१७८६–१८४९) व सॅम्युएल हॉकन (१७९२–१८८४) या बंधूंनी घडविलेली ठासणीची, आटेदार नळीची बंदूक. रॉकी पर्वतातील बीव्हर या फरसाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्याचे पारधी, वाटाडे आणि पुढे पश्चिमेकडे निघालेले वसाहतकार यांच्यात तिचा मोठा लौकिक होता. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात विकसित केलेली लांब रायफल ही तिची पूर्वज. घोड्यावर बाळगणे सोपे जावे म्हणून हॉकनची नळी आखूड झाली; बायसन आणि ग्रिझली अस्वलासारखी जनावरे पडावीत म्हणून गोळी जड झाली.

हॉकन घराणे मेरीलंडमधील हेगर्सटाउनचे. वडील ख्रिश्चन हॉकन हेही बंदुका घडवीत. जेकब काही काळ हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत कामाला होता व १८१८ च्या सुमारास सेंट लुइसला आला असावा. तेथे जेम्स लेकनन याच्याशी त्याची भागीदारी होती. सॅम्युएल १८२२ मध्ये आला आणि १८२५ मध्ये लेकनन वारल्यावर दोघा भावांचे एकत्र दुकान सुरू झाले. ‘जे. अँड एस. हॉकन’ ही नळीवरील मुद्रा या दुकानाची.

या बंदुकीचा उगम नेमका कधीचा व कशातून झाला, याबद्दल मतभेद आहेत. फर-व्यापारी विल्यम ॲश्ली याच्यासाठी १८२३ च्या सुमारास पहिली पहाडी हॉकन बनली आणि पारध्यांनी ती लगेच उचलून धरली, ही कथा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. चार्ल्स हॅन्सन यांनी व्यापारी कंपन्यांच्या हिशेबवह्या व मालाच्या याद्या तपासून तिला हरकत घेतली. ॲश्लीच्या काळात पहाडात जाणाऱ्या बंदुका बहुतांशी पेनसिल्व्हेनियातील, विशेषतः लँकेस्टर भागातील कारखानदारांच्या होत्या. हॉकनच्या नोंदी १८२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत विरळच आहेत. पारध्यांचे वार्षिक मेळावे १८४० मध्ये संपले. आज पाहायला मिळणाऱ्या बहुतेक हॉकन बंदुका मात्र त्यानंतरच्या आहेत, आणि हॉकन बंधूंची चकमकीवर उडणारी निर्विवाद पहाडी बंदूक उपलब्ध नाही. त्यामुळे हिचा खरा बहराचा काळ १८४० व १८५० ही दशके, म्हणजे ओरेगनकडे जाणारे तांडे व कॅलिफोर्नियातील सोन्याची धाव यांचा काळ, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. किट कार्सन व जिम ब्रिजर या नामांकित पारधी-वाटाड्यांच्या म्हणून जतन केलेल्या हॉकन बंदुकांनाही हेच लागू पडते.

घडणीच्या उगमाबाबत दोन मते आहेत. अर्धा दस्ता (नळीच्या निम्म्या लांबीपर्यंतच पोचणारे लाकूड) आणि नळीखालची लोखंडी पट्टी ही वैशिष्ट्ये हार्पर्स फेरीच्या १८०३ च्या नमुन्याच्या लष्करी रायफलीतही आढळतात आणि जेकबची तेथील नोकरी पाहता तो दुवा जोडला जातो. दुसरे मत इंग्लिश शिकारी बंदुकांकडे बोट दाखविते. नळीच्या बुडाची रचना पाहता दुसऱ्या मताला वजन द्यावे लागते.

ही रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. नळीच्या मागच्या टोकाला एक आकडा असतो. तो दस्त्यात कायम बसविलेल्या लोखंडी बैठकीत अडकतो, आणि पुढच्या बाजूला दोन चपट्या पाचरी नळीला दस्त्याशी धरून ठेवतात. ठासणीचा गज काढून पाचरी ठोकून बाहेर घेतल्या की नळी अलगद उचलली जाते. बूड पाण्यात बुडवून ती आतून धुता येते. काळ्या दारूची काजळी ओल धरून लोखंड खाते, म्हणून मुक्कामावरच्या धुलाईसाठी ही सोय मोलाची होती. बैठकीचे लांब शेपूट दस्त्याच्या मनगटावरून (पकडीच्या बारीक जागेवरून) मागे जाते आणि तेथील नाजूक लाकडाला बळकटी देते. घोड्यावरून पडल्यास दस्ता मोडतो तो बहुधा याच जागी.

नळी अष्टकोनी, जाड, साधारण ८५ ते ९० सेंमी. लांब, तोंडाचा व्यास १३.५ मिमी.च्या आसपास आणि तेलकट कापडात गुंडाळून ठासलेली शिशाची गोळी सुमारे १४ ग्रॅमची. बंदुकीचे वजन बहुधा पाच किलोच्या आसपास भरते, जड नमुने त्याहून बरेच वरचे. बार तांब्याच्या स्फोटक टोपीने उडे. हिला दोन चाप असतात; मागचा ओढून यंत्रणा सज्ज केली की पुढच्या चापाला बोट लागताच बंदुकीचा घोडा टोपीवर पडतो, त्यामुळे नेम हलत नाही. दस्ता मेपल लाकडाचा, सर्व जोडकाम लोखंडी. पितळी नक्षीकाम जवळजवळ नाही.

जेकब १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत वारला. सॅम्युएलने काम चालू ठेवले, १८५९ मध्ये तो डेन्व्हरला गेला आणि पुढे परतला. दुकान जॉन गेमर याच्याकडे गेले. तोवर काडतुसाच्या बंदुका येऊ लागल्या होत्या.

आधुनिक प्रतिकृती : न्यू हँपशरमधील थॉम्पसन/सेंटर कंपनीने १९७० मध्ये ‘हॉकन’ नावाची बंदूक बाजारात आणली. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रकायद्याने ठासणीच्या प्रतिकृतींना पुराण शस्त्रांच्या सवलती दिल्या होत्या आणि अनेक राज्यांत या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगामही असे. त्यामुळे तिला मोठे गिऱ्हाईक मिळाले. तिची नळी मात्र ७१ सेंमी., जोडकाम पितळी, यंत्रणेत पानाच्या कमानीऐवजी गुंडाळीची स्प्रिंग आणि दस्त्यावर पितळी झाकणाची पेटी. बंदूक म्हणून ती भरवशाची होती. ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करण्याचा छंद घरोघरी नेण्याचे श्रेय तिला द्यावेच लागते. पण तिच्यामुळे हॉकन म्हणजे आखूड, पितळेने चमकणारी बंदूक, ही समजूत रूढ झाली आणि मूळ घडणीशी तिचा संबंध थोडाच आहे. लायमन कंपनीची इटलीत बनलेली ‘ग्रेट प्लेन्स रायफल’ सुमारे ८१ सेंमी. नळी व लोखंडी जोडकामामुळे मुळाशी अधिक जवळ जाते. हाताने बंदुका घडविणारे काही कारागीर संग्रहालयांतील नमुन्यांची मापे घेऊन आजही प्रती करतात. नळीचा तोंडाकडे होत जाणारा निमुळतेपणा त्यांतच पाहायला मिळतो, कारखान्याच्या नळ्या बहुधा सरळच असतात.