यीस्ट धुतलेलं की नुसतं विसळलेलं?

घरी चार-पाच लिटर बिअरची बॅच लावणाऱ्याला सुक्या यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट मोठंच पडतं. ते वीस-तेवीस लिटरच्या हिशेबानं भरलेलं असतं. त्यामुळे फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) तळाचा यीस्टचा गाळ पुढच्या बॅचसाठी बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवणं ओघानंच आलं.

यीस्ट ही जिवंत पेशी आहे हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. १५१६ च्या बव्हेरियातल्या बिअरच्या नियमात जव, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच आहे, म्हणून त्या काळी यीस्ट कुणाला माहीतच नव्हतं असं सर्रास सांगतात. पटत नाही. नॉर्वेतले शेतकरी तर ते लाकडी कड्यांवर वाळवून ठेवत. १८८३ मध्ये कोपनहेगनमध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आलं, तरी जुनं यीस्ट पुन्हा वापरणं थांबलं नाही; काही फेऱ्यांनंतर ताजं कल्चर आणायचं, एवढाच बदल झाला.

घरगुती बिअरवरचं परवान्याचं बंधन ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये उठलं, अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा झाला. पुढे द्रव कल्चर, म्हणजे द्रवातलं जिवंत यीस्ट, घरापर्यंत आलं. ते सुक्यापेक्षा महाग, म्हणून जपून वापरायचं, आणि इथूनच 'यीस्ट वॉशिंग' या शब्दाचा घोळ सुरू झाला.

कारखान्यात वॉशिंग म्हणजे आम्लानं धुणं: थंडगार यीस्टमध्ये फॉस्फोरिक आम्ल घालून पीएच २ च्या आसपास आणायचा आणि तासा-दोन तासांत वापरून टाकायचं. यात जीवाणू मरतात, रानटी यीस्ट मात्र तगतं. घरी लोक करत होते ते वेगळंच. उकळून गार केलेलं पाणी गाळावर ओतायचं, हलवायचं, जड कचरा खाली बसला की वरचं दुधाळ पाणी काढून घ्यायचं. मराठीत याला सरळ विसळणं म्हणतात. त्यानं हॉप्सचा चुरा कमी होतो, जंतू नाही. उलट बिअरचा कमी पीएच आणि अल्कोहोल हे गाळाचं कवच असतं, तेच आपण ओतून देतो! मग एवढी खटपट कशाला? गडद किंवा हॉप्सनं भरलेल्या बिअरचा गाळ फिकट बिअरला लावायचा असेल, तर विसळण्याला अर्थ आहे; लहान बॅचमध्ये तो रंग, तो कडूपणा लगेच जाणवतो. एरवी गाळ त्याच बिअरखाली ठेवलेला बरा.

अलीकडे गाळाच्या वाटेला न जाता स्टार्टरच (बॅचआधी थोड्या द्रवात वाढवलेलं यीस्ट) गरजेपेक्षा मोठा करतात आणि वर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या गोड काढ्यात, ओतण्याआधी त्यातलाच थोडा बाजूला काढून ठेवतात.