भूकंपाची महत्ता वेगळी, तीव्रता वेगळी

कुठे जमीन हलली की तासाभरात बातमी येते: ‘६.२ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’. पाठोपाठ टीव्हीवर कुणीतरी हिशेब मांडतं, की ही ऊर्जा म्हणजे हिरोशिमावर पडले तसे इतके इतके बॉम्ब. दोन अगदी वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ होते आणि वर्षानुवर्षं कुणी ती दुरुस्त करत नाही.

रिश्टरचा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ही मोजणी बसवली. आता मोठ्या भूकंपांसाठी मोमेंट मॅग्निट्यूड ही नंतरची मोजणी वापरतात, पण तोंडात रिश्टरच बसलंय. त्याला माझी हरकत नाही. एक अंक वाढला की नोंदीतल्या लाटेची उंची दहापट होते, ऊर्जा मात्र साधारण ३२ पट. ‘सातचा म्हणजे सहापेक्षा जरा मोठा’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. ही झाली महत्ता, म्हणजे मॅग्निट्यूड. जमिनीखाली खडक सरकला तेव्हा एकूण किती ऊर्जा सुटली, ते ती सांगते. एका भूकंपाची महत्ता एकच.

तीव्रता गावागणिक बदलते. त्या ठिकाणी काय झालं, यावरून ती ठरते: टांगलेले दिवे हलले, झोपलेले जागे झाले, गिलावा पडला, भिंती कोसळल्या. सुधारित मर्काली श्रेणीत तिच्या बारा पायऱ्या आहेत आणि त्या रोमन अंकांत लिहितात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ती आठव्या पायरीपर्यंत गेली. त्याच भूकंपाने मुंबई-हैदराबादेत नुसती जाग आली. महत्ता दोन्हीकडे तीच, ६.२.

बॉम्बच्या तुलनेवर माझा राग आहे तो इथे. ६.२ म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने साधारण दोन हिरोशिमा. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. २४ मे २०१३ ला रशियाच्या पूर्वेला ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ चा भूकंप झाला. त्याच हिशेबाने तो अडीच हजारांहून जास्त हिरोशिमांएवढा भरतो. हजारो किलोमीटरवरच्या मॉस्कोतही तो जाणवला, पण त्यात एकही माणूस दगावला नाही. कारण तो जमिनीखाली सुमारे ६०० किलोमीटर खोल होता. किल्लारीचा दहा-एक किलोमीटरच्या आतला, आणि वर थेट गावं. मग बॉम्ब मोजून वाचकाला नेमकं काय कळलं? ती तुलना ऐकायला भीतीदायक आहे, पण आपल्या घराचं काय होणार याबद्दल ती चकार शब्द बोलत नाही.

अजस्र जोर समजावून सांगायचाच असेल, तर तो स्वतःच्या वजनाच्या हिशेबात सांगावा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रावर जमिनीच्या आडव्या हालचालीचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट नोंदलं गेलं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला क्षणभर जवळजवळ अडतीस किलोच्या जोराने बाजूला ढकलावं आणि पुढच्या क्षणी तेवढंच उलट ओढावं, आणि हे काही सेकंद चालू राहावं. भिंतीलाही हाच हिशेब लागू. खालच्या दिशेने वजन पेलायला भिंत बांधलेलीच असते. आडव्या धक्क्याला तिला धरून ठेवणारं काही आहे का, हा प्रश्न. जेवढं घर जड, तेवढा त्याच्यावरचा आडवा जोरही जास्त.

किल्लारी, सास्तूर भागातली घरं आठवा. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी आढ्यांवर माळवद, आणि माळवदावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून वर्षानुवर्षं माती चढवलेली. कोपऱ्यावर भिंती एकमेकींत नीट गुंफलेल्या नाहीत, आतून दगड आणि बाहेरून दगड आणि मध्ये नुसती भर. आडवा जोर आला, भिंतीचे पापुद्रे फाकले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. शेजारची हलक्या छपराची घरं त्या मानाने तगली.

अंतर, खोली, घर यांच्याखेरीज खालची जमीनही हिशेबात धरावी लागते. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप ७.७ चा. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर. तरी साबरमतीच्या गाळावरच्या कितीतरी बहुमजली इमारती पडल्या, विशेषतः तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या. गाळाची जमीन लाटा वाढवते. दूरवर पोचणाऱ्या संथ लाटा बैठ्या घरांपेक्षा उंच इमारतींना जास्त झुलवतात. त्यामुळे ‘केंद्र लांब होतं, आम्हाला कसली भीती’ हेही खरं नाही.

म्हणून फ्लॅटच्या जाहिरातीत ‘८ रिश्टरचा भूकंप सोसणारी इमारत’ असं छापलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. कुठे झालेला ८? पायाखाली की पाचशे किलोमीटरवर? इमारतीला रिश्टर कळत नाही, तिला कळतो तिच्या जागी येणारा हादरा. देशाचे भूकंपक्षेत्रांचे नकाशे त्या हादऱ्याच्या अंदाजावर बेतलेले असतात. १९९३ पर्यंत किल्लारी त्यांत सगळ्यात कमी धोक्याच्या भागात होती. नंतर तो भाग वरच्या क्षेत्रात घेतला. बिल्डरला विचारायचं ते हे: आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकानुसार कोणतं क्षेत्र धरलं, जमिनीची तपासणी कुणी केली, खांब-तुळयांच्या सांध्यांत सळई आयएस १३९२० या सळईबांधणीच्या मानकाप्रमाणे बांधली का, आणि पार्किंगच्या मजल्याला आडवा आधार काय दिला. उत्तरं कागदावर, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनिशी मागा.