चुकलेला कॉल आणि विकलेला कॉल

“टीव्हीवाल्यांनी बुडवलं” हे वाक्य पुण्यात सदाशिव पेठेपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत कुठेही ऐकू येतं. ४ जून २०२४ ला तर ते दिवसभर कानावर पडत होतं. शनिवारी संध्याकाळी वाहिन्यांनी एक्झिट पोल दाखवले, सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला आणि मंगळवारी लोकसभेच्या मतमोजणीचे आकडे वेगळेच यायला लागल्यावर ४,३८९ अंकांनी, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्क्यांनी आपटला. सोमवारी वरच्या भावात घेतलेल्यांची मंगळवारी दुपारपर्यंत वाट लागली होती. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं.

पण या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. पडद्यावरचा माणूस चुकला, ही एक. पडद्यावरचा माणूस आधीच विकला गेला होता, ही दुसरी. टीव्हीवर “हा शेअर घ्या” किंवा “विका” म्हणून सांगतात त्याला कॉल म्हणतात. पहिला चुकलेला कॉल, दुसरा विकलेला कॉल. घरी बसून बघणाऱ्याला दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तोच कोट-टाय, खाली तीच लाल-हिरवी पट्टी, तेच “टार्गेट इतकं, स्टॉपलॉस इतका”, म्हणजे भाव कुठवर चढेल आणि कुठवर पडला तर विकून मोकळं व्हायचं. पैसे गेल्याचा चटकाही सारखाच. मात्र दोन्हींचा दोष वेगळा, पुरावा वेगळा आणि दाद मागायची जागाही वेगळी. दोन्हींना एकाच शिवीत गुंडाळलं की सोय होते ती विकणाऱ्याची. “अहो, अंदाजच तो, चुकायचाच कधीतरी” असं म्हणत तो प्रामाणिकपणे चुकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

आधी चुकलेला कॉल घेऊ. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ११ मार्च २००८ ला सीएनबीसी या अर्थवाहिनीवर शेअर सुचवणाऱ्या जिम क्रेमर यांच्यापुढे त्यांच्या कार्यक्रमात एका प्रेक्षकाचा प्रश्न आला: बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेची चिंता करू का, तिथले पैसे काढून घेऊ का? क्रेमर यांनी ओरडून नाही म्हटलं. बेअर स्टर्न्सला काहीही झालेलं नाही, असं ठासून सांगितलं. पाचच दिवसांनी, १६ मार्चला, ८५ वर्षांची ती बँक शेअरमागे २ डॉलर भावाने जेपी मॉर्गनला विकायचं ठरलं. पुढे तो भाव १० डॉलर झाला, पण भागधारकांचं व्हायचं ते नुकसान झालंच. क्रेमर यांचा बचाव असा की प्रश्न खात्यात ठेवलेल्या पैशांबद्दल होता, शेअरबद्दल नव्हता. त्यात तथ्यही आहे. पण ऐकणाऱ्याने “काही झालेलं नाही” एवढंच ऐकलं, आणि कार्यक्रम होता शेअर घेण्या-विकण्याचा.

वर्षभराने, १२ मार्च २००९ ला, टीव्हीवरचे विनोदी भाष्यकार जॉन स्टुअर्ट यांनी क्रेमर यांना आपल्या कार्यक्रमात समोर बसवून जाब विचारला. स्टुअर्ट यांचा मुख्य आक्षेप भाकीत चुकल्याचा नव्हता. वॉल स्ट्रीटवर पडद्यामागे कसले खेळ चालतात हे अर्थवाहिन्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी प्रेक्षकाला ते सांगितलं नाही, हा होता. मला तो फरक फार महत्त्वाचा वाटतो. भाकीत चुकणं माफ करता येतं, माहीत असलेलं लपवणं करता येत नाही.

चुकलेला कॉल हा गुन्हा नाही, तो होताही कामा नये. उद्या चुकण्याला शिक्षा ठेवली तर कुणी स्पष्ट मतच देणार नाही. सगळे “बाजारात चढउतार संभवतात” एवढंच म्हणत बसतील. आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार वर्तमानपत्र, मासिक, टीव्ही अशा सर्वांना खुल्या माध्यमातून सांगितलेली गोष्ट “गुंतवणूक सल्ला” धरलीच जात नाही. नोंदणीकृत सल्लागाराला तुमचं वय, उत्पन्न, कर्ज, जोखीम सोसायची ताकद हे सगळं विचारावं लागतं. टीव्हीवरच्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. कोथरूडमधल्या पेन्शनरला आणि हिंजवडीतल्या पंचविशीतल्या मुलाला तो एकाच वेळी तोच शेअर सांगत असतो.

म्हणून त्याची जबाबदारी संपते का? नाही. सेबीचेच २०१४ चे संशोधन विश्लेषकांचे नियम सांगतात की सार्वजनिक माध्यमात एखाद्या शेअरबद्दल मत देणाऱ्याने आपलं नाव, आपली नोंदणी आहे की नाही आणि त्या कंपनीत आपला आर्थिक संबंध काय, हे उघड करायचं. स्वतःच्या व्यवहारांवरची बंधनंही त्याला लागू होतात. विश्लेषक ज्या शेअरवर अहवाल काढतो त्यात अहवालाआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्याला व्यवहार करता येत नाही, आणि लोकांना “घ्या” सांगून स्वतः विकताही येत नाही. नाव, नोंदणी, हितसंबंध ही माहिती पडद्यावर येते, पण कशी? चष्मा लावूनही वाचता येऊ नये अशा अक्षरात, दोन सेकंद.

आणि कुणाचे किती कॉल लागले, याची नोंद? टिळक रस्त्यावर एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात भिंतीवर दिवसभर अर्थवाहिनी चालू असते. तिथे रोज येणारे एक काका आहेत, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे पुठ्ठ्याच्या बांधणीची लांबट वही आहे. बँकेत खतावणी लिहावी तसे रकाने आखलेले: तारीख, वेळ, कोण बोललं, शेअर, तेव्हाचा भाव, टार्गेट, स्टॉपलॉस, मुदत, आणि शेवटी निकाल. मी ती वही चाळली आहे. अक्षर मोत्यासारखं, आणि मुदतीचा रकाना पानंच्या पानं कोरा.

“काका, तो बँकेचा कॉल लागला का हो?” ऑफिसातल्या मुलाने विचारलं.

“कसं सांगू? किती दिवसांत ते त्याने सांगितलंच नाही. आज खाली आहे म्हणालो तर म्हणेल, थांबा अजून.”

काकांनी नेमकं दुखणं पकडलं आहे. ज्या कॉलला मुदत नाही तो कधी चुकतच नाही. लागला की पुढच्या आठवड्यात “आम्ही सांगितलं होतं” म्हणून पुन्हा दाखवतात, नाही लागला तर त्याचं नाव कुणी काढत नाही. क्रिकेटमधल्या फलंदाजाची सरासरी आपल्याला दशांशात माहीत असते. रोज सकाळी घराघरात शेअर सांगणाऱ्या तज्ज्ञाचे वर्षभरात किती कॉल लागले, किती स्टॉपलॉसला गेले, हे त्याच्या नावाखाली वाहिनीने दाखवायला नको? चुकलेल्या कॉलबाबत प्रेक्षकाने मागायची गोष्ट हीच आहे: ती वही वाहिनीने स्वतः ठेवावी आणि सगळ्यांसमोर उघडी ठेवावी. माफी मागा, राजीनामा द्या, वाहिनी बंद करा या मागण्यांनी राग शांत होत असेल, पुढच्या प्रेक्षकाला त्याचा उपयोग नाही.

विकलेल्या कॉलचं यंत्र वेगळंच चालतं. समजा, एका लहान कंपनीचा शेअर २०० रुपयांना आहे आणि दिवसभरात त्यात फारशी उलाढाल नसते. अडीच वाजता कार्यक्रमात त्याचं नाव घेतलं जाणार, हे एका माणसाला दोनलाच ठाऊक आहे. तो गुपचूप १०,००० शेअर उचलतो. अडीचला नाव येतं, जागोजागी मोबाइलवर खरेदीची बटणं दाबली जातात, विकणारे कमी म्हणून भाव २०६ वर जातो. त्या गर्दीला शेअर विकणारा कोण? हाच माणूस. काही मिनिटांत साठएक हजार सुटतात, त्यातला वाटा पडद्यावर नाव घेणाऱ्याला मिळतो. तीन वाजेपर्यंत भाव पुन्हा २०१. वरच्या भावात घेतलेले शेअर आता आपल्या काकांच्या डीमॅटमध्ये आहेत. सल्ला त्यांच्यासाठी नव्हताच. कुणाला तरी विकून बाहेर पडायचं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं.

हे कल्पनेतलं नाही. सेबीने १३ जानेवारी २०२१ ला सीएनबीसी आवाजवरच्या ‘स्टॉक २०-२०’ या कार्यक्रमाच्या एका निवेदकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात सांगितले जाणारे शेअर आदल्या दिवशी त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यातून घेतले जात आणि दुसऱ्या दिवशी विकले जात, असा ठपका होता, २.९५ कोटी रुपये अडकवले गेले. बाजारात याला बीटीएसटी म्हणतात, आज घ्या उद्या विका. दुसरा आदेश ८ फेब्रुवारी २०२४ चा, झी बिझनेसवर पाहुणे म्हणून येणारे तज्ज्ञ आणि त्यांच्याशी जोडलेले लोक मिळून १५ जणांविरुद्ध. तज्ज्ञ काय सांगणार हे आधीच कळवलं जायचं, कळलेले आधी सौदे करून ठेवायचे, नाव प्रसारित झालं की मोकळे व्हायचे आणि नफा वाटून घ्यायचा, असं सेबीचं प्राथमिक निरीक्षण होतं. तिथली रक्कम ७.४१ कोटी. दोन्ही आदेश अंतरिम, म्हणजे अंतिम निर्णयाआधीचे होते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण कार्यपद्धती त्यांत तारीखवार मांडलेली आहे.

यूट्यूबवर हीच गोष्ट आणखी उघडपणे चालते. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात आदेश दिला तेव्हा व्हिडिओंमध्ये ही कंपनी अदानी समूह घेणार वगैरे खोट्या बातम्या पेरल्याचं समोर आलं. तिथे मताचा प्रश्नच नव्हता, ती सरळ लबाडी होती.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. आपण फसवले गेलो की नाही, हे आपण आपल्या नफ्या-तोट्यावरून ठरवतो, आणि तिथेच चुकतो. विकलेला कॉल अनेकदा बरोबर येतो! नाव घेतलं की भाव वाढतोच, तेवढ्यासाठीच तर नाव घेतलेलं असतं. चपळ प्रेक्षक त्यात दोन पैसे कमावून बाहेरही पडतो आणि तज्ज्ञाला दुवा देतो. उलट चुकलेल्या कॉलमध्ये एखाद्याची आयुष्याची पुंजी जाईल, तरी त्यात फसवणुकीचा लवलेश नसेल. ४ जूनला तोटा प्रचंड झाला, पण एक्झिट पोल चुकला एवढ्यावरून तो दाखवणारा चोर ठरत नाही. बघायचं ते घड्याळ: नाव घेतलं जाण्याआधी शेअर कुणी घेतले, नाव घेतल्यावर कुणी विकले आणि त्यांचा बोलणाऱ्याशी संबंध काय.

दोन्हींच्या मधे एक धूसर पट्टा आहे, त्याबद्दल थोडक्यात. काही माध्यमसमूह जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेत, त्याला ‘प्रायव्हेट ट्रीटी’ म्हणत. ऑगस्ट २०१० मध्ये सेबीने सांगितलं की ज्या कंपनीत माध्यमाचा हिस्सा आहे तिच्याबद्दल बातमी देताना तो हिस्सा जाहीर करा. मी हे विकलेल्या कॉलमध्ये धरत नाही, पण न सांगितलेला हितसंबंध त्याच दिशेने जातो.

मग तक्रार कुठे करायची? चुकीची, दिशाभूल करणारी किंवा हितसंबंध लपवणारी मांडणी असेल तर आधी वाहिनीकडे. केबल टीव्हीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार वाहिनीने १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. समाधान झालं नाही तर स्वनियमन संस्थेकडे. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची अशी संस्था म्हणजे एनबीडीएसए. तिच्या हातात फार काही नाही, हेही खरं. तिच्या दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हा आकडा अपुरा असल्याचं म्हटलं. तरीही लेखी तक्रारीची नोंद राहते. ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ मनापासून लिहिणाऱ्या या शहराला हे जड जाऊ नये.

कॉल विकलेला असल्याचा संशय असेल तर वाहिनीकडे जाऊन उपयोग नाही, सेबीकडेच जायला हवं. कोणाच्या खात्यातून किती वाजता सौदा झाला, फोन कुणाचा कुणाला गेला, हे फक्त तिलाच काढता येतं. तुमचे गेलेले पैसे परत मिळतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. वसूल झालेली रक्कम सहसा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जाते, टिळक रस्त्यावरच्या काकांच्या नावाने त्याचा चेक निघत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं, पण आजची स्थिती ही आहे.

तक्रारीत भावना कमी आणि वेळा जास्त लिहा. कार्यक्रमाचं नाव, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, शेअरचं नाव घेतलं तो मिनिट. ब्रोकरच्या अ‍ॅपवर त्या दिवसाचा एक मिनिटाचा चार्ट उघडून आधीच्या अर्ध्या तासातली उलाढाल बघा. एरवी झोपलेल्या शेअरमध्ये तेव्हाच अचानक मोठे सौदे दिसत असतील तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण कुठे शोधायचं हे तपास करणाऱ्याला कळतं. आणि हे सगळं लवकर करा, कारण प्रसारित कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचं बंधन वाहिन्यांवर ९० दिवसांपुरतंच आहे.