दारू सोडणाऱ्याला संध्याकाळची सोबत का लागते

मार्च-एप्रिलात गोव्यातल्या सत्तरी, पेडणे भागात काजूच्या भट्ट्या पेटल्या की उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास रस्त्यापर्यंत येतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला त्या वासानेच तलफ येते. तोंडाला पाणी सुटतं, जीव कासावीस होतो. तो पुन्हा प्याला की घरचे म्हणतात, ‘मनाचा निश्चयच नाही.’ मला हे बोलणं फार अन्यायाचं वाटतं. तो वास, ती वेळ, तो बार, ते दोस्त आणि दारू यांची मेंदूत वर्षानुवर्षं सांगड बसलेली असते. त्यातलं एक जरी समोर आलं तरी मेंदूतल्या डोपामाइन या ओढ लावणाऱ्या रसायनाची यंत्रणा जागी होते आणि माणसाने काही ठरवायच्या आत पावलं तिकडे वळू लागतात. दारू शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जाते, पण मेंदूतली ही सांगड सुटायला महिने, कधी वर्षं लागतात.

म्हणून रिकामी संध्याकाळ ही दारू सोडणाऱ्याची सगळ्यात अवघड वेळ असते आणि नेमक्या त्याच वेळी आधारगट, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची एकत्र बैठक, उपयोगी पडतो. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’ सुरू झालं. आज गोव्यातही त्याच्या मीटिंगा होतात. फी नाही, नावनोंदणी नाही. दारू सोडायची इच्छा असली की पुरे.

मात्र रोज, भरपूर आणि सकाळपासून पिणाऱ्याने उद्यापासून एकदम बंद असं घरच्या घरी करू नये. दारू मेंदूला सतत शांत करत असते. ती रोजचीच झाली की मेंदू उलट बाजूने स्वतःला उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना तेवढी मागे उरते. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भान हरपतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग मीटिंग. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, तिथे किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात जा. किती आणि केव्हापासून पिता हे खरं सांगा, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते.

मीटिंगांचा उपयोग होतो का, हे नीट तपासलं गेलं आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसं होती. माणसाला एएकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते, तर इतर मानसोपचारांनंतर सुमारे ३५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीच्या मानाने मोठा आहे. तो का पडतो? संशोधकांना आढळलेलं एक मुख्य कारण म्हणजे माणसाची ऊठबस बदलते. पिणारे दोस्त कमी होतात, न पिणारे वाढतात. पार्टीत ‘नको’ म्हणता येईल असा भरवसा वाढतो. उपदेशाने हे होत नाही, आणि मीटिंगमध्ये उपदेश करतही नाहीत.

तिथे होतं काय? प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा आणि दहा-पंधरा माणसं. एकजण पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. मध्येच कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने नुसतं बसून ऐकलं तरी चालतं. पोराच्या फीचे पैसे बारमध्ये गेल्याचं कोणी सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की ही लाज आपल्या एकट्याची नाही. कोकणीत, मराठीत, ज्या भाषेत घरी भांडता त्या भाषेत बोलणारा गट मिळाला तर अधिक बरं.

गोव्यात खरी अडचण ओळखीची असते. कोणाचा मेहुणा, कोणाचा शेजारी तिथे निघणारच. फोंड्यातल्या माणसाने खुशाल म्हापशाला जावं, डिचोलीतल्याने पणजीला. आणि ओळखीचं कोणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, ही तिथली रीत आहे. गट कुठे भरतो हे डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र किंवा एएची हेल्पलाइन सांगते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. पहिला गट रुचला नाही तर दुसरा पाहा. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो.

सगळ्यांनाच एए लागतं असंही नाही. पिणं हाताबाहेर चाललंय, पण शरीर अजून अडकलेलं नाही, अशांसाठी गोव्यातच ‘संगत’ संस्थेने एक प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी पुरुषांशी थोड्या बैठकांत बोलायचं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष असे, की तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के.

घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ नावाचे वेगळे गट असतात. नवरा किंवा भाऊ अजून तयार नसला तरी बायकोने, आईने, बहिणीने तिथे जायला हरकत नाही. तो कधी तयार होईल याची वाट पाहत बसायचं कारण नाही.