छातीचा एक्स-रे नेमका कधी? या प्रश्नामागचा इतिहास

विल्हेल्म रोंटगेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरण सापडले. तोवर छातीत काय बिघडलंय, हे डॉक्टर हाताने आणि कानाने ओळखत. छातीवर बोटाने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत ऑस्ट्रियन डॉक्टर ऑएनब्रुगर यांनी 1761 मध्ये मांडली होती आणि फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांचा स्टेथोस्कोप 1816 मधला. न्यूमोनियाने घट्ट झालेल्या भागावर ठोकलं की बद्द आवाज येतो, हे जुन्या डॉक्टरांच्या बोटांत मुरलेलं होतं. एक्स-रे आला आणि आतला पांढरा डाग डोळ्यांना दिसू लागला. साहजिकच विश्वास तिकडे वळला.

टीबीने तो आणखी पक्का केला. ब्राझीलमध्ये मानुएल द आब्रेउ यांनी 1936 मध्ये छोट्या फिल्मवर छातीचे स्वस्त फोटो काढण्याची युक्ती शोधली आणि अनेक देशांत धडधाकट माणसांच्याही रांगा लागल्या. 1974 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अशी सरसकट तपासणी थांबवा, असं सांगितलं. पण खोकला आला की फोटो काढून घ्यायचा, ही सवय राहिलीच.

उलटा विचार सुरू झाला तो मुलांच्या न्यूमोनियापासून. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी एक्स-रेविना काय ओळखता येतं, ते तपासलं. श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाणं, ही दोन लक्षणं महत्त्वाची ठरली. त्यातूनच श्वास वेगवान कधी मानायचा, याचे आजचे आकडे रुळले: 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त. मूल शांत असताना, सदरा वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. गडबडीत हे मिनिट गाळलं जातं, आणि मला ते फार खटकतं.

1998 मध्ये केपटाऊनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागातल्या, न्यूमोनियाची लक्षणं असलेल्या 522 मुलांपैकी निम्म्यांचा एक्स-रे काढला, निम्म्यांचा नाही. दोन्ही गट साधारण 7 दिवसांतच बरे झाले. फरक पडला तो औषधांत: एक्स-रे झालेल्यांना अँटिबायोटिक जास्त दिली गेली.

मोठ्यांसाठी 2001 मध्ये अमेरिकेत निकष मांडले गेले. खोकला झालेल्या, पण एरवी निरोगी आणि वयस्कर नसलेल्या माणसाची नाडी 100 च्या खाली, श्वास 24 च्या खाली, ताप 38 अंशांच्या खाली असेल आणि छातीत एका जागी वेगळा आवाज नसेल, तर न्यूमोनियाची शक्यता कमी, एक्स-रे सहसा नको. याउलट रक्तातला ऑक्सिजन घसरलेला, म्हातारा माणूस अचानक भ्रमात गेलेला, प्रतिकारशक्ती कमी असलेला, थुंकीत रक्त, औषध घेऊनही ताप न उतरणं, टीबीचा संशय, अशा वेळी एक्स-रेला उशीर करू नये. आणि सुरुवातीच्या दिवसांत फोटो स्वच्छ आला म्हणून न्यूमोनिया नाहीच, असंही नसतं.

बरं झाल्यावर पुन्हा काढायचा का? डाग विरायला आठवडे लागतात, म्हणून लगेच काढून उपयोग नाही. 2019 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनेनुसार लक्षणं 5 ते 7 दिवसांत गेली, तर सरसकट गरज नाही. ब्रिटिश सूचनांनुसार धूम्रपान करणाऱ्यांचा आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचा सुमारे 6 आठवड्यांनी मात्र काढावा, कारण त्या डागाआड कधी कधी कर्करोग असतो.