जेफ बकलीचा 'ग्रेस': आधी थंड रिव्ह्यू, मग थेट डोक्यावर

पुण्यात कोरेगाव पार्क काय नि कोथरूड काय, कुठल्याही ओपन माइकला जा, गिटार घेऊन एक तरी पोरगा 'हालेलुया' गाणारच, आणि निम्म्या पब्लिकला ते अमेरिकन गायक जेफ बकलीचंच गाणं वाटतं. मूळ लेनर्ड कोहेनचं आहे, १९८४ चं, आणि बकलीने ते आपल्या 'ग्रेस' अल्बमसाठी उचललं गायक जॉन केलच्या १९९१ च्या व्हर्जनवरून. असो.

हा 'ग्रेस' आला ऑगस्ट १९९४ मध्ये. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन जाऊन जेमतेम चार महिने झालेले, अमेरिकेत सगळा ग्रंजचा, म्हणजे खरखरीत, कर्कश गिटारवाल्या रॉकचा धुरळा, आणि त्यात हा पोरगा चढ्या, नाजूक आवाजात गातोय! प्रोड्यूसर मात्र अँडी वॉलेस, म्हणजे निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' अल्बम मिक्स करणारा. दहा गाण्यांतली तीन दुसऱ्यांची, त्यातलं एक तर चर्चमधल्यासारखं कॅरोल, आणि लगेच पुढे दणदणीत रॉक, त्यामुळे याला नेमकं कुठल्या खणात टाकायचं हेच लोकांना कळेना. रोलिंग स्टोन मासिकाने पाचपैकी तीन स्टार दिले, बिलबोर्डच्या अमेरिकन चार्टवर अल्बम १४९ च्या वर सरकला नाही. फ्रान्समध्ये मात्र १९९५ मध्ये शार्ल क्रो अकादमीचं संगीतातलं मोठं बक्षीस मिळालं, म्हणजे 'कुणी विचारलंच नाही' ही स्टोरी अर्धीच खरी.

त्या आवाजाचं मूळ मला वाटतं आपल्याकडे लवकर कळेल. न्यूयॉर्कच्या शिने कॅफेत बकली एकटाच गिटार घेऊन गायचा, आणि तिथे चक्क नुसरत फतेह अली खान यांची 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ही कव्वाली गायचा, उर्दूत! रेकॉर्डिंग आहे, ऐका. पुढे त्याने नुसरतची मुलाखतही घेतली. सवाईला रात्र रात्र आलाप ऐकलेल्या माणसाला 'ग्रेस'मधले लांबवलेले सूर नाटकी वाटणार नाहीत, तिकडच्या काही समीक्षकांना ते वाटले.

२९ मे १९९७ ला मेम्फिसजवळ वुल्फ नदीत तो बुडाला. वय ३०, पूर्ण केलेला स्टुडिओ अल्बम हा एकच. मग सूर बदलला. मेल्यावर कौतुक होतंच म्हणा, पण रोलिंग स्टोनच्या ५०० अल्बमच्या यादीत २००३ मध्ये ३०३ वर असलेला 'ग्रेस' २०२० मध्ये १४७ वर आला, ते नुसत्या हळहळीने होत नाही. २००८ च्या ख्रिसमसला इंग्लंडमध्ये एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या विजेतीचा 'हालेलुया' एक नंबरला होता आणि बकलीचा चौदा वर्षं जुना दोन नंबरला, त्यामुळे नवे ऐकणारे मिळाले खरे, पण बरेचजण तिथेच थांबले. पहिलं गाणं 'मोजो पिन' लावा आधी, सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसता आवाज आहे.